राजीनाम्यात राजी कोण असतं?

या महिन्यात आलेल्या पत्रांत जवळजवळ प्रत्येकाला होकाराचं काहीतरी विचारायचंय, कुणाला करार, कुणाला हट्ट, कुणाला लाड. मग काय, माझा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढला खाली. १८५७ ची दुसरी आवृत्ती, म्हणजे माझ्याकडे आहे ते १९७५ चं पुनर्मुद्रण, बाइंडिंग सुटलेलं, र ची पानं तर रबरबँड लावून ठेवलीत. बाजूला दाते-कर्व्यांचे महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड. चहा घेऊन बसले आणि दुपार गेली.

ताई, माझी बहीण इंदूरला दिलीय. परवा भावजींचा फोन आला, "वो अपना राजीनामा हो गया कल." माझ्या पोटात गोळा. दोन लहान मुलं, फ्लॅटचे हप्ते आणि माणसाने नोकरी सोडली! मी धीर द्यायला लागलो तर ते हसतायत. नंतर कळलं की शेजाऱ्याशी भिंतीवरून कोर्टात केस होती ती मिटली. हा काय प्रकार आहे? – नाशिक

भावजींचं बरोबर आहे, आणि जुन्या मराठीच्या हिशोबाने तर तुमच्यापेक्षा जास्त बरोबर आहे. राजीनाम्याचा मूळ अर्थच संमतीचा कागद. राजी म्हणजे कबूल असलेला, खूश असलेला, आणि नामा म्हणजे लिखाण. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे कंसात एक अक्षर असतं, ए म्हणजे अरबी, पी म्हणजे फारसी, एस संस्कृत, एच हिंदुस्थानी. तर यातला राजी अरबी आणि नामा फारसी, म्हणजे शब्द घडतानाच दोन घरांची सोयरीक झालेली. तिकडे एमपी-राजस्थानात कोर्टात वादी-प्रतिवादींचं जमलं की राजीनामा होतो, नोकरी सोडायची तर इस्तीफा. आपण, गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ, आपण सगळे मात्र नोकरी सोडायलाच राजीनामा म्हणतो.

आता उलटं कसं झालं? कागद बघितले की समजतं. कोर्टात वादी लिहून देणार की माझं समाधान झालं, मी दावा सोडतो. आणि जमिनीच्या कामात तर राजीनामा-कबुलायत अशी जोडीच होती, जुन्या फेरफाराच्या नोंदीत अजून सापडते. जो जमीन सोडतोय त्याचा राजीनामा, जो घेतोय त्याची कबुलायत. एक म्हणतो मी राजीखुशीने सोडली, दुसरा म्हणतो सारा भरायचं मला कबूल. दोन्ही ठिकाणी कागदात राजी असतं आणि बरोबरीने काहीतरी सुटत असतं, दावा नाहीतर जमीन. लोकांनी राजी विसरून सुटणं लक्षात ठेवलं. मग नोकरी सुटण्याच्या कागदालाही तेच नाव मिळालं.

माझ्या आजोबांच्या ट्रंकेत एक खरेदीखत आहे, त्यात शेवटी लिहिलंय की हा दस्त मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, नशापाणी न करता लिहून दिला. लहानपणी आम्ही भावंडं नशापाणीवर जाम हसायचो. आत्ता परत वाचताना राजीखुशी या जोडावर अडकले, कारण राजी आणि खुशी एकच आहे हो जवळजवळ. त्या अरबी धातूत मान्य असणं आणि प्रसन्न असणं वेगळं काढलेलंच नाही. मर्जी त्याच धातूतली, म्हणजे साहेबांची मर्जी राखणं, मर्जी खप्पा होणं वगैरे. आणि रजा! रजा म्हणजे मूळ संमती, परवानगी. साहेबांची संमती मिळाली की माणूस घरी जाणार, म्हणून घरी जाण्यालाच रजा म्हणायला लागलो. तो ज मूळ अरबीत आपल्याला द सारखा ऐकू येणारा एक जाड उच्चार आहे, इराणी लोक त्याचा झ करतात आणि आपल्याकडे तो त्यांच्यामार्फत आला. रमजान आणि रमदान हा वाद व्हॉट्सॲपवर दरवर्षी होतो ना, तेच अक्षर.

म्हणजे बघा, एखाद्याने राजीनामा दिला, उरलेली रजा लावली आणि साहेबांची मर्जी गेली, तर एकाच वाक्यात एकाच खानदानातली तीन माणसं भेटली, आणि तिथे प्रत्यक्षात राजी असा कोणीच नाही.

मी एमपीएससीची तयारी करतेय. पॉलिटीच्या पुस्तकात अनुसमर्थन असा शब्द आहे, कलम ३६८, काही घटनादुरुस्त्यांना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांचं अनुसमर्थन लागतं. इंग्रजीत रॅटिफाय. पाठ होतं पण डोक्यात बसत नाही. याला साधा मराठी शब्द नाही का? आणि माझा रूममेटशी वाद झालाय, ती म्हणते रॅटिफाय आणि ग्रॅटिफाय एकाच शब्दापासून आलेत. – पुणे, सदाशिव पेठ

आधी वाद मिटवते. रूममेट हरली. नुसतं यमक आहे ते. शेवटचं फाय म्हणजे लॅटिनमधलं करणे, तेवढं कॉमन. रॅटिफायमधला पुढचा भाग म्हणजे हिशोब करून ठरलेलं, पक्कं, रेट आणि रेशन त्याच घरचे, म्हणजे तुझ्या आईच्या रेशनकार्डाचा रॅटिफायशी संबंध आहे. ग्रॅटिफायमधला म्हणजे आवडलेलं, प्रसन्न करणारं. त्यातून ग्रेस आलं (ग्रेस मार्क माहितीच असतील, नसले तर फार चांगलं), काँग्रॅच्युलेशन्स आलं, ग्रॅच्युइटी आली. भाषाशास्त्रवाले याचं नातं वेदातल्या गूर्त या शब्दाशी जोडतात, तोही आवडता, स्वागत केलेला असाच. रूममेटला समजूत म्हणून हे सांग.

साधा मराठी शब्द आहे आणि तू तो रोज पेपरात वाचतेस. शिक्कामोर्तब. "नावावर शिक्कामोर्तब" वाचून आपल्याला वाटतं की शिक्का मारला, संपलं. पण त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. शिक्का पत्राच्या माथ्यावर, म्हणजे हे कुणाचं पत्र आहे ते कळावं. मोर्तब शेवटी, मजकूर जिथे संपतो तिथे अगदी लागून, लहानशी मुद्रा, की याच्या खाली कुणी एक ओळ घुसडली तर ती आमची नाही. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी असते ती, मर्यादेयं विराजते. म्हणजे इथे मर्यादा झाली, पुढे काही नाही. गंमत अशी की महाराजांनी दरबारातले फारसी-अरबी शब्द काढून संस्कृत आणायला राज्यव्यवहारकोश करून घेतला, मुद्रेतली अक्षरं संस्कृत झाली, पण त्या मुद्रेचं नाव मात्र मोर्तबच राहिलं आणि ते आजतागायत आहे. जुन्या कागदांत मोर्तब सुद असं लिहिलेलं असतं, त्यातलं सुद म्हणजे फारसीतलं "झालं". तर्तीब आणि रुतबा हे मोर्तबचे नातेवाईक, रचून ठेवणं, दर्जा लावणं वगैरे.

आणि नुसतं ठरणं आणि मोर्तब होणं यात किती अंतर असतं ते बघायचं तर जुन्या पुणे-मुंबई हायवेने वडगाव मावळला उतर. तिथे महादजी शिंद्यांचा पुतळा आहे. जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना गादीवर बसवायला पुण्याकडे निघाली, मराठ्यांनी तिला तिथे कोंडलं, आणि इंग्रजांनी तह केला की साष्टी वगैरे घेतलेला मुलूख परत, राघोबादादांना तुमच्या हवाली. सह्या झाल्या, फौज सुटून मुंबईला पोचली. आणि कलकत्त्याहून कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज म्हणाला, मला हे मान्य नाही, असा तह करायचा अधिकार त्या लोकांना नव्हताच! चार वर्षांआधी १७७५ चा सुरतेचा तह मुंबईकरांनी राघोबादादांशी केला होता तोही कलकत्त्याने असाच मोडीत काढला होता. म्हणजे खाली सही, वर नामंजूर.

मग सालबाईला नानांची पाळी आली. ग्वाल्हेरजवळ मे १७८२ मध्ये महादजींनी तह ठरवला, हेस्टिंग्जने महिन्याभरात मान्य करून टाकला, आणि इकडे नाना फडणवीस बसले थांबून. तिकडे हैदरअली इंग्रजांशी लढत होता, तो जिंकतोय तोवर कशाला घाई. डिसेंबरात हैदर वारला, आणि कागदांची देवघेव होऊन सगळं पक्कं व्हायला १७८३ उजाडलं. अनुसमर्थन लक्षात राहत नसेल तर नाना लक्षात ठेव. सही दुसऱ्याने केलीय, आता मी हो म्हणायचंय, आणि मला घाई नाही.

पेपरात उत्तर लिहिताना मात्र अनुसमर्थनच लिही. मोर्तब लिहिलंस तर तपासणाऱ्याची मर्जी.

ग्रॅटिफिकेशनला मराठीत काय म्हणायचं? ऑफिसात ट्रान्सलेशनचं काम करतो, इच्छापूर्ती लिहिलं तर बॉस म्हणतात चूक. – ठाणे

कशाच्या कागदात आहे त्यावर आहे ना! कायद्याचा कागद असेल तर बॉसचं बरोबर, तिथे ती लाच आहे. जुन्या इंग्रजी डिक्शनऱ्यांमध्ये ग्रॅटिफाय करणे म्हणजे खूश करणे आणि त्यालाच लागून बक्षिसी देणे, हात ओले करणे असाही अर्थ येतो. १८६० च्या इंडियन पीनल कोडात कलम १६१ मध्ये तोच धरला, सरकारी नोकराने कायदेशीर पगाराशिवाय घेतलेलं कसलंही ग्रॅटिफिकेशन, आणि पैशातच मोजता यायला पाहिजे असं काही नाही असंही तिथे स्पष्ट करून ठेवलेलं. ते कलम १९८८ मध्ये नव्या लाचलुचपत कायद्यात गेलं, शब्द बरोबर गेला. याच शब्दाची सख्खी बहीण ग्रॅच्युइटी, तीही मूळची मालकाने खूश होऊन दिलेली रक्कम, पण १९७२ च्या कायद्याने ती हक्काची झाली, आता मालकाचा मूड कसा का असेना. एकाच घरातल्या दोन बहिणी, एकीला अँटी करप्शनवाले पकडतात आणि दुसरी पीएफच्या बाजूला बसते.

सायकॉलॉजीचं काही असेल तर इच्छापूर्ती चालेल. इच्छापूर्तीपेक्षा मला पुरवणे हे आपलं साधं क्रियापद आवडतं, त्यावर खाली येतेच.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचं एक संचकारपत्र सापडलं. वकील म्हणतात इसारपावतीच समजा. पण इकडे कन्नड पेपरात "जिवाला संचकार" असं येतं, म्हणजे जिवाला धोका! हा शब्द नक्की कसला? – निपाणी

किती भारी प्रश्न पाठवलात. वकिलांचं खरं आहे, संचकार म्हणजे व्यवहार पक्का म्हणून आधी दिलेली रक्कम. पुण्याकडे इसार किंवा विसार म्हणतात, हिंदीत बयाना. संचकार हा संस्कृत सत्यंकारचा झिजलेला शब्द, आणि सत्यंकार म्हणजे सरळ "खरं करणं". बोलणं झालं होतं, पैसे ठेवले, खरं झालं. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, बाहेर कुणाला आकडा कळत नाही, पण हातावर चार नोटा टेकवल्या की मग दुसरं गिऱ्हाईक जास्त द्यायला लागलं तरी बैल याचाच. अनुसमर्थन, शिक्कामोर्तब वगैरे सगळं यात आलं, आणि तेही एका नोटेत.

आता कन्नडमधला धोका. तिकडेही संचकार म्हणजे मूळ आगाऊ पैसेच. जिवाला संचकार म्हणजे जिवाचा इसार दिला गेलाय, सौदा ठरलाय, न्यायला कोणीतरी येणार. तुम्ही म्हणाल काय ही कल्पना. पण आपण तरी काय केलं? सुपारी. लग्न ठरलं की सुपारी फुटायची, वाजंत्रीवाल्याला सुपारी द्यायची, तमाशाच्या फडाला, ऑर्केस्ट्राला सुपारी. कार्यक्रम ठरला, तारीख तुमची, याची खूण. आणि मुंबईच्या गँगवाल्यांनी तोच शब्द उचलला आणि आता सुपारी दिली म्हटलं की आधी ऑर्केस्ट्रा आठवत नाही. दोन भाषा शेजारी-शेजारी राहतात, दोघींनी सौदा पक्का करण्याच्या शब्दाला माणसाच्या जिवापर्यंत नेलं, एकीने पैशातून, एकीने सुपारीतून. कुणी कुणाचं बघून केलं असंही नाही वाटत.

ते पत्र लॅमिनेट करू नका प्लीज. जुना कागद लॅमिनेट केला की संपला.

लाडकोडमधला कोड म्हणजे काय? आई म्हणते त्वचेवरचा कोड, मला ते काही पटत नाही. माझं डोहाळजेवण आहे पुढच्या आठवड्यात, तेव्हा डोहाळ्याबद्दलही सांगा. – न्यू जर्सी

अगं अभिनंदन! आईला म्हणावं तो कोड वेगळा, तो कुष्ठ या शब्दावरून आलाय. लाडातला कोड म्हणजे कौतुक. बाराव्या शतकात हेमचंद्राने व्याकरण लिहिलं, त्यात अपभ्रंश भाषेची यादी देताना सांगितलंय की लोक कौतुकला कोड्ड म्हणतात. तो कोड्ड म्हणजे आपलं कोड. म्हणजे कोडकौतुक म्हणताना आपण कौतुककौतुक म्हणत असतो. नातवंडांच्या बाबतीत तसंही एकदा पुरत नाहीच.

डोहाळे हा दोहदचा पुढचा अवतार. सुश्रुताने त्याची फार सुंदर फोड केलीय, पोटात बाळ आहे म्हणजे तिला दोन हृदयं झाली, एक तिचं एक बाळाचं, म्हणून ती दौहृदिनी, आणि तिला जे हवंसं वाटतं ते नुसतं तिचं वाटणं नाही. भाषाशास्त्रवाले व्युत्पत्ती वेगळी लावतील पण तू सासूबाईंना सुश्रुताचीच सांग, आंबट दोघांच्या वाटचं मिळेल.

आणि बघ, डोहाळे पुरवतात, लाड पुरवतात, हट्ट पुरवतात, कोड पुरवतात. सगळ्या इच्छांना एकच क्रियापद. पुरवणे म्हणजे कमी आहे तिथे भरणे, त्यातच परीक्षेतली पुरवणी आली, नळाचा पाणीपुरवठा आला, आणि पोळीतलं पुरणही आलं, ते तर शब्दशः भरलेलंच. इच्छा म्हणजे रिकामी जागा आणि ती भरायची, हे मराठीचं म्हणणं. हौसही पुरवतात, पण ती भागवतातसुद्धा किंवा फिटते, तहान भागवतात तशी नाहीतर कर्ज फिटतं तशी. बरं हौस म्हणजे मूळ अरबी हवस, जो शब्द हिंदी सिनेमात फक्त व्हिलनसाठी राखून ठेवलाय. आपल्याकडे तो आला आणि इतका सोज्वळ झाला की नऊवारीची हौस, हौशी रंगभूमी, हौसेला मोल नाही. कुठल्याही शब्दाला मराठी घरात वीस-पंचवीस हळदीकुंकवं दाखवली की तो सुधारतो असं माझं मत आहे.

मी सहावीत आहे. मी आईला गियरची सायकल मागितली तर ती बघू म्हणते. दोन महिने झाले. बघू म्हणजे हो की नाही? – सातारा

अरे, तुझ्या बाजूने एक मुद्दा आहे माझ्याकडे, नीट ऐक. मोठी माणसं मंजूर म्हणतात ना, अर्ज मंजूर, कर्ज मंजूर, तो शब्द अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ "बघितलेला". नजर माहितीये ना, त्याच घरातला. म्हणजे साहेबांच्या नजरेखालून कागद गेला, त्यांनी बघितला, तो मंजूर. कचेरीत फाईलवर अजूनसुद्धा "पाहिले" असं लिहून सही करतात. (सही म्हणजेसुद्धा मूळ "बरोबर आहे" असं बरं का, नाव लिहायचं हे नंतर आलं.) तेव्हा आई बघू म्हणाली म्हणजे मंजुरीची प्रोसेस चालू झालीय असं तू कोशाच्या आधाराने म्हणू शकतोस.

अडचण एवढीच की मंजूर म्हणजे बघून झालेलं आणि बघू म्हणजे अजून बघायचंय. मधे सालबाईचे नाना बसलेत असं समज. ते कोण ते वर पुण्याच्या ताईला सांगितलंय, वाच. सहामाहीचे मार्क येऊ देत, आणि मागताना आईची मर्जी बघून माग, स्वयंपाक चालू असताना नको. सायकल आली की कळव, कुठल्या रंगाची घेतली ते पण.